मावशीचा गुडघा लॅपटॉपात अडकला त्याची हकीकत

आदरणीय, वंदनीय आणि (हे पत्र वाचून संपेपर्यंत तरी) प्रेमळ अशा माझ्या मावसदादाला, भिंगरीचा खाली वाकून नमस्कार.

तू बरा असशील. वहिनी बरी असेल. तिची पाठ धरली होती ती आता सुटली असेल. छोटीचे पुढचे दोन दात पडले होते ते आले असतील, नसतील तर येतील. माझेही फार उशिरा आले होते आणि तरी मी काय वाईट दिसते? (उत्तर नको.) इकडे सगळं ठीक. मावशी ठीक (आई तुझी, पण पत्र माझं, म्हणून मावशीच लिहिते), घर ठीक. तुझा तो जुना जाडा लॅपटॉप, जो तू जाताना टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलास आणि "याला कोणी हात लावायचा नाही" म्हणालास, तोही ठीक आहे. म्हणजे त्याचा पडदा ठीक आहे, बटणं ठीक आहेत, वायर ठीक आहे. बाकीचं खाली सविस्तर लिहिते. फोन करता आला असता, पण मावशीला कमी ऐकू येतं म्हणून या घरात फोन स्पीकरवरच चालतो, आणि ही गोष्ट मावशीच्या कानावर जायची नाही. तेव्हा तूही मोठ्याने वाचू नकोस.

मी इथे चार दिवसांसाठी आले होते, आता सातवा महिना चालू आहे. त्याआधी होडीची तिकिटं फाडत होते, त्याआधी रोपवाटिकेत पाणी घालत होते आणि त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवत होते. (दहावीला दोनदा बसलेल्या मुलीला पाट्या रंगवायला देणं ही चूक त्या मालकाची, माझी नाही. पण तो विषय वेगळा.) सांगायचं काय, तर मावशीचा उजवा गुडघा. तो आता इतका वाजतो की मी मागच्या खोलीत बसून मावशी कितव्या पायरीवर आहे ते सांगू शकते. हाडांच्या डॉक्टरांनी तिला त्या मोठ्या मशीनच्या नळीत घालून फोटो काढून आणायला सांगितले. पाऊण तास आत होती. बाहेर आल्यावर तिथल्या मुलीला म्हणाली, "परत या नळीत मी येणार नाही. गुडघा इथे ठेवून जा म्हणालात तर ठेवून जाईन, पण येणार नाही." तुला मावशी माहीत आहे. ती नाही म्हणाली म्हणजे नाही.

फोटो एका सीडीवर दिले. डॉक्टर नेमके महिनाभर बाहेरगावी गेले, ते येत्या बुधवारी भेटणार. त्यांचं म्हणणं, रिपोर्टच्या कागदावर माझा विश्वास नाही, चित्रं मी स्वतः बघणार आणि मगच ऑपरेशनची तारीख देणार. तपासणीवाले म्हणतात, आम्ही फोटो महिनाभरच ठेवतो, मग पुसून टाकतो, आणि तो महिना उलटून गेला. म्हणजे बघ दादा, मावशीचं चालणं, जिना चढणं, बाजारात जाणं हे सगळं त्या एका पातळ चकतीवर टांगलेलं. आणि त्या चकतीला मी हात लावला.

का लावला, तर मला गुडघा आतून बघायचा होता. (लहानपणी मी तुझं घड्याळ उघडलं होतं, त्याच कारणाने. ते पुढे चाललं नाही हे मला मान्य आहे.) मागच्या शुक्रवारी दुपारी मावशी शेजारी शिवणवाल्या बाईंकडे गेली, तेव्हा मी टॉवेल सोडून लॅपटॉप काढला आणि पाकिटातून सीडी काढली. सीडीवर एक लेबल होतं. तुला मावशीची सवय ठाऊक आहे, या घरात डब्यांना लेबलं, बटणांना लेबलं, किल्ल्यांना लेबलं. एकतीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेली बाई. पण हे लेबल, चांगलं चार बोटं लांब, गोंदाने घट्ट बसवलेलं, "गुडघा, उजवा" असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, चिकटवलं होतं ते चमकणाऱ्या बाजूला. मला क्षणभर वाटलं, चमकती बाजू कोरी असते, छापलेल्या बाजूला जागा उरलेली नाही, म्हणून तिने कोरी बाजू धरली असेल. रेकॉर्ड रूमवाल्या माणसाला आपण काय शिकवणार? लेबल नेहमी वर असतं एवढं मला माहीत होतं, म्हणून मी लेबल वर ठेवून सीडी त्या सरकत्या तबकात टाकली आणि तबक आत ढकललं.

लॅपटॉपने दोनदा घसा खाकरला आणि सांगितलं की आत सीडीच नाही. मला राग आला. डोळ्यांनी बघून ठेवलेली वस्तू नाही म्हणतो म्हणजे काय! मग मी ती उलटी करून टाकली, लेबल खाली. मधल्या खुंटीवर टक्क होईपर्यंत दाबायची असते हे मला नंतर कळलं. पाच सेकंद बरे गेले. मग आतून असा आवाज आला की कोणीतरी पत्र्यावरून विटा ओढतंय. लॅपटॉप टेबलावर थरथरायला लागला. मी घाबरून तो उचलला (फिरत असताना उचलायचा नसतो, हेही नंतर कळलं), आतून 'खर्रर्र' झालं आणि एकदम शांत. बटण दाबलं, तबक बाहेर येईना. परत दाबलं. मग मी त्याला उलटा करून डब्यातून साखर झटकावी तसा झटकला. तेवढ्यात मावशी दारात.

"कसला गं आवाज?"

"मिक्सर."

"मिक्सर स्वयंपाकघरात आहे," असं म्हणून मावशी मिक्सर बघायला गेली, आणि मी गुडघा पोटात घेतलेला लॅपटॉप टॉवेलासकट पिशवीत घालून जिना उतरले. दादा, खोटं सांगत नाही, डोळ्यांसमोर एकच चित्र, मावशी काठी घेऊन खिडकीत बसली आहे आणि कोणी विचारलं की सांगते आहे, आमच्या भिंगरीला बघायचं होतं.

आधी झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, उघडून बघावा लागेल, दहा दिवस लागतील. मी म्हटलं, बुधवारी लागणार आहे. तर म्हणाला, सीडी निघाली की तिला टूथपेस्ट चोळा, चकाचक होते. रांगेतल्या एका बाईंनी थिनर सुचवलं. तिसऱ्याने फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. (लोकांना सल्ला द्यायला किती आवडतं! होडीवर असताना मला पोहता येत नाही म्हटल्यावर अठरा जणांनी कोरड्या जमिनीवर उभं राहून हात मारून दाखवले होते.) मी रडकुंडीला येऊन बाहेर पडले आणि समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरले, ते केवळ तिथे बसायला खुर्ची दिसली म्हणून.

चष्मेवाले काका म्हणजे एक अजब माणूस. समोरच्याशी बोलता बोलता त्याच्या नाकावरचा चष्मा काढून पुसून परत लावतात. त्यांनी माझं सगळं ऐकलं, लॅपटॉप आधी पूर्ण बंद करायला लावला आणि तबकाच्या तोंडावरचं एक भोक दाखवलं. टाचणीच्या डोक्याएवढं! आजवर मला वाटायचं ते हवा खेळायला आहे. त्यांनी कागदाची एक क्लिप सरळ केली, भोकात सरळ घातली, हळूच रेटली, आणि तबक बोटभर बाहेर आलं. बाकीचं त्यांनी ओढलं, घाई न करता. सीडीला अर्धं लेबल लोंबत होतं, उरलेलं आत गुंडाळी होऊन बसलं होतं, आणि त्या चमकत्या अंगावर गोंदाचे असे डाग की जणू गोगलगाय फिरून गेली.

"कुठल्या शहाण्याने या बाजूला कागद चिकटवला?" काका म्हणाले.

मी म्हटलं, "घरच्यांनी."

"घरच्यांना सांगा, या बाजूला बोटसुद्धा लावायचं नाही. कडेने धरायची. अशी."

मग त्यांनी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून तो गोंद भिजवला. नखाने नाही, धीराने. मी मदत करायला फडकं घेतलं आणि ताट पुसतात तसं गोल पुसायला गेले, तर त्यांनी माझा हातच धरला. गोल पुसायचं नाही. मधून कडेकडे सरळ पुसायचं. आडवा ओरखडा पडला तर वाचणारा किरण तो ओलांडून जातो, पण गोल ओरखडा पडला की किरण त्याच चाकोरीत अडकतो. मला हे फार पटलं. (मीही आडव्या गोष्टी बऱ्या ओलांडते.) लॅपटॉपच्या आतले कागदाचे कपटे त्यांनी चिमट्याने काढले, भिंगावर रबरी फुग्याने हवा मारली, सीडी सावलीत उभी वाळवली, आणि खुंटीवर टक्क करून बसवली. मी डोळे मिटून घेतले. आवाज आला तो मांजर घोरल्यासारखा. डोळे उघडले तर पडद्यावर मावशीचा गुडघा! काळ्या आभाळात राखाडी ढग, आणि दोन हाडांच्या मध्ये जिथे गादी हवी तिथे काहीच नाही. एवढ्यावर ती रोज दोन मजले चढते, दादा. मला पुढची चित्रं नीट बघवली नाहीत. काकांनी आधी सगळी चित्रं लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली आणि म्हणाले, आता सीडी हरवली तरी चालेल, पण हरवू नका.

तर असं झालं. सीडी वाचली, बुधवारी डॉक्टरांना दाखवू, लॅपटॉपबद्दल तुझी माफी मागते. वहिनीला नमस्कार, छोटीला पापा. तब्येतीला जप.

तुझी,
भिंगरी

ता. क. लॅपटॉपचं तबक आता बंद राहत नाही, आपोआप जीभ काढतं. त्याला रबर लावलं आहे. दोन रबरं.

ता. क. २. वर मी सगळं सांगितलेलं नाही. सीडी परत ठेवायला कपाट उघडलं तेव्हा तुझा खोका दिसला, तुझे खेळ, तुझं कॉलेजचं काम. एकूण एक सीडी पाकिटात उभी, नाव छापील बाजूला मऊ पेनाने लिहिलेलं, आणि खोक्यावर मावशीच्या अक्षरात: "कडेने धरावी. चमकती बाजू खाली." मी ते वाचत उभी होते आणि मावशी मागे. म्हटलं, "मावशी, म्हणजे लेबल कुठल्या बाजूला लावायचं नसतं हे तुला माहीत होतं." तर म्हणाली, "शेवटची नऊ वर्षं कचेरीत मी सीड्याच सांभाळल्या." मग म्हणाली, त्यांच्याकडे कागद वाचता आला नाही की 'अवाचनीय' असा शेरा मारायचे आणि प्रकरण पुढच्या तारखेला जायचं. एका प्रकरणाला अशा सतरा वर्षं तारखा मिळाल्या, तोवर भांडणारे दोघेही म्हातारे झाले आणि भांडण विसरले. मी म्हटलं, "मावशी, गुडघा नाही विसरत." तिने मला शपथ घातली आहे की दादाला एक अक्षर कळवायचं नाही. (एक अक्षर कुठे कळवते आहे? पाच पानं झाली.)

ता. क. ३. ती ना नळीला घाबरते, ना सुरीला. डॉक्टरांच्या दवाखान्यातून एक फॉर्म आला आहे. ऑपरेशननंतर सहा आठवडे तिला उठवायला-बसवायला माणूस लागणार, आणि फॉर्मवर रकाना आहे: 'घरातील जबाबदार व्यक्ती'. तो तिने कोरा ठेवला होता. म्हणाली, "दादाचं लिहून त्याला रजा मागायला लावू? आणि तुझं लिहू तर तू उद्या असशील की नाही हे तुला तरी माहीत आहे का?" दादा, मला खरंच माहीत नव्हतं. रोपवाटिकेच्या मालकिणीने परत बोलावलं आहे आणि माझी पिशवी भरलेली होती, म्हणून तर जाण्याआधी गुडघा बघायचा होता. ती पिशवी मी आता रिकामी केली आणि फॉर्मवर माझं नाव लिहिलं, शाईने. पण माझ्या शब्दाची किंमत तुला ठाऊक आहे. म्हणून सांगते, डॉक्टरांनी तारीख दिली की तू पंधरा दिवस तरी ये. मावशीकडे मी बघते, तू माझ्याकडे बघ.

ता. क. ४. आत्ताच बघितलं. मावशीने माझं नाव वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग पट्टी घेऊन त्याच्या खाली आणखी एका नावाचा रकाना स्वतःच्या हाताने आखला. त्यात अजून काही लिहिलेलं नाही. पेन मात्र फॉर्मवर उघडं ठेवून ती झोपायला गेली आहे.