खिडकीतला फोटो

मावशी,

काकांनी तुझा फोटो उघडला असेल का? मला खरंच सांगता येत नाही.

त्यांच्या मारहाणीला भिऊन तू लपून राहतेस. नव्या खोलीच्या खिडकीत हसणारी तू, हा मी काढलेला सर्वांत चांगला फोटो. वेबसाइट बनवायला शिकताना तोच पहिला लावला. फोटोला बोट लावलं की तो कुठे काढला ते नकाशावर दिसतं, ही करामत मीच जोडली. मग मिरवायला लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. काका अजून त्यात आहेत.

“एवढी शिकलीस, आणि माझ्या बहिणीचा पत्ता चव्हाट्यावर मांडलास?” आई म्हणाली.

साइट काढली. तुझा फोन लागेना, म्हणून बस पकडून तुझ्या खोलीवर आले; तू नव्हतीस. जिन्यात पावलं वाजली की दाराची कडी पुन्हा तपासते. घरमालकिणीकडून किल्ली घेऊन तुझी बॅग भरून ठेवलीय; आलीस की लगेच इथून निघ.

तुझीच,
पदवीवाली