सातव्या मात्रेला

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. गुडघे कुरकुरतात, जावई अजून तसाच बडबड्या आहे आणि नातीने माझ्या चष्म्याची दांडी मोडलीय, म्हणून अक्षर वाकडंतिकडं. एवढ्या बातम्यांवर पत्र आटोपायची माझी सवय तुला माहीत आहे. आज आटोपत नाही.

आपण दोघींनी व्हायोलिन वाजवलेलं ते गाणं रेकॉर्ड कंपनी नव्याने काढतेय. टेप साफ करणाऱ्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, दुसऱ्या कडव्याआधी व्हायोलिन लवकर येतं, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत जागेवर सरकवते, चालेल का? खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. त्या एका सुरापायी आपल्या संगीतकार मास्तरांनी तुला पुन्हा कधी बोलावलं नाही. लोकांना मात्र तो इतका आवडला की शाळेतली पोरंसुद्धा आता तिथे मुद्दाम लवकर उचलतात.

बाईंनी बाकी सगळं बंद करून फक्त आपल्या दोघींचा माइक लावला. आठवतं ना, दोघींत एकच स्टँड, एकच पान, आणि पान उलटायचं काम आतल्या खुर्चीचं, म्हणजे माझं. आठ मात्रा थांबून उचलायचं होतं. आधी कागद सळसळला. मग तू, अगदी पुटपुटत, "चार, पाच, सहा..." आणि मी घुसले. एकटीच! पान उलटण्याच्या नादात मोजायचंच राहून गेलं होतं. क्षणभराने तुझं व्हायोलिन माझ्यात येऊन मिसळलं.

ताई, मी चुकले हे मला त्याच वेळी कळलं होतं. पण तूही चुकलीस, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. गायिकेचा घसा बसला, दुसरा टेक होईना, मास्तर भडकले, कोण ते विचारलं. हात वर करावा तसा तू व्हायोलिनचा गज वर केलास आणि मी पायांकडे बघत राहिले. माझं ते दुसरंच रेकॉर्डिंग होतं, ही माझी एकतीस वर्षांची सबब. पुढे तुझ्या खुर्चीवर मीच बसले. तू व्हायोलिन विकलंस, त्या दिवशी तुला साधा फोनही केला नाही.

तू बरोबर मोजत होतीस गं. मी उघडी पडू नये म्हणून चुकलीस.

मी बाईंना म्हटलं, "चूक माझी आहे. ताईची नाही."

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी ढसाढसा रडले, आणि मग चक्क सडकून भूक लागली. कित्येक वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. सूर आहे तिथेच राहू दे म्हटलं, आणि सोबतच्या पुस्तिकेत तो कुणाचा ते छापा. तसं लिहून सही करून दिलीय.

रविवारी येतेय. दार उघडलंस तर बरं. नाहीतर पायरीवर बसेन. तू एकतीस वर्षं गप्प बसलीस, मला एक दुपार जमेल.

तुझी,
आता काही न लपवणारी
धाकटी