बंद पडलेल्या चोवीस पेट्यांबद्दल

मी, कोन्सेसांव पीटर लोबो, वय बहात्तर, अविवाहित, निवृत्त संशोधक, राहणार मालवण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझी अखेरची इच्छा लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझ्या यकृताची आशा सोडली आहे. बुद्धीबद्दल त्यांची तक्रार नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी फार चांगली बाई दिसत होते.

१. मालवणचे घर माझी धाकटी बहीण सिल्व्हिया हिला. तिला ते आवडत नाही, म्हणूनच देत आहे. दहा वर्षे विकू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही असे वकील प्राजक्ता तेली म्हणतात. सिल्व्हियाला ते कळवू नये.

२. तीस वर्षे मी एकच काम केले. जमिनीतला ओलावा आणि उताराचा कल मोजणाऱ्या पेट्या डोंगरावर बसवायच्या. एका पेटीने आपला आकडा शेजारणीला सांगायचा, तिने पुढचीला, असे करत तो गावच्या शाळेतल्या संगणकापर्यंत पोचायचा; डोंगर हलू लागला तर भोंगा वाजायचा. सुरुवातीच्या पेट्या चार दिवसांत मरत. त्या काळापासूनच्या सगळ्या नोंदी, मागेल त्याला फुकट द्याव्यात; फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी सगळ्यात आधी द्याव्यात. त्या आम्ही कधी छापल्या नाहीत.

३. डॉ. निलेश परुळेकर, माझा विद्यार्थी, आता आमच्या संस्थेचा संचालक. २०१९ साली आम्ही तळेऱ्यापलीकडच्या एका वाडीवर चोवीस पेट्या बसवल्या. तुळसा घाडी ही काजूवाली त्यांच्यावरचे शेवाळ पुसायची. तीन वर्षांनी प्रकल्प संपला. निलेशने आतले, आकडा पुढे पाठवणारे रेडिओ काढून नव्या प्रकल्पाला नेले. पेट्या तशाच ठेवल्या. पाहुण्यांना दाखवायला बऱ्या दिसत. वरचा हिरवा दिवा उन्हावर चालायचा, तो पेटत राहिला. मला हे माहीत होते.

पुढच्या मे महिन्यात दिल्लीचे पाहुणे आले. त्यांच्यासमोर तुळसाने विचारले, "बाई, दिवो हिरवो आसा म्हणजे डोंगर बरो आसा मां?"

मी म्हटले, "होय."

जुलैच्या पावसात शेजारी घरे सोडून निघाले. तुळसाने त्यांना दिवा दाखवला. ते तरीही गेले. ती आणि तिची सून किशोरी थांबल्या. त्या रात्री दरड कोसळली; दोघी तिसऱ्या दिवशी चिखलाखाली सापडल्या. गावकऱ्यांना यंत्र समजले नाही, असे मी चौकशीत सांगितले. ते वाक्य अहवालात आहे. त्याच वर्षी मला पुरस्कार मिळाला.

चिखलातून काढलेली एक पेटी निलेशला देते. ती त्याने सह्या करायच्या टेबलावर ठेवावी. तो मला आईच्या जागी मानतो. मी त्याला मुलाच्या जागी कधी मानले नाही. माझ्यासारखा होता, म्हणून जवळ ठेवला.

४. आता किनाऱ्यावर हजारो नवी यंत्रे येणार आहेत. पूल, विहिरी, खाड्या, सगळे बोलू लागेल म्हणतात. बोलू दे. माझ्या बँकेतील ठेवी एकाच कामासाठी: ज्या यंत्राकडे बघायला माणूस उरला नाही ते उपटून काढणे. नव्या प्रयोगशाळेला माझे नाव देऊ नये. दिलेच, तर उद्घाटनात कलम तीन मोठ्याने वाचावे.

५. काजूची बाग तुळसाचा मुलगा सत्यवान याला द्यायची होती. त्याची क्षमा मागणारे एक वाक्यही होते. काल त्याला बोलावून मसुदा वाचायला दिला. ते वाक्य त्याने खोडायला लावले. मग वकिलांना विचारले, "साक्षीदाराक काय गावणा नाय, खरां?"

साक्षीदाराला दिलेले रद्द होते, असे त्या म्हणाल्या.

"मगे माका साक्षीदार करा."

बाग सिल्व्हियाला जाईल.

व्यवस्थापक म्हणून वकील प्राजक्ता तेली यांना नेमते. वरील मजकूर मी स्वतः वाचून खाली सही केली आहे.

ठिकाण: मालवण
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) कोन्सेसांव पी. लोबो

लिहून देणारीने आमच्या डोळ्यांदेखत सही केली. तिच्यासमोर आम्हीही केली:

१. (सही) शेल्डन रॉड्रिग्ज, शेजारी
२. (सही) सत्यवान घाडी, तुळसाचा मुलगा, किशोरीचा नवरा