साधी तार तोकुजींना द्यावी

मी, हिसाए कुरामोतो, वय एकोणऐंशी, राहणार योनागो, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे लिहीत आहे. कान मंदावले आहेत, डोके नाही. मूलबाळ नाही. यजमान योशिरो सात वर्षांपूर्वी गेले. जॅझ ऐकवणारे आमचे कॉफीचे दुकान तेव्हापासून बंद आहे.

१. माझे दीर तोकुजी यांना संगणकाची साधी वीजतार द्यावी. दुसरे काही नाही. कारण नोंदवते.

यजमानांनी अॅम्प्लिफायरला मनगटाएवढी जाड वीजतार आणली होती. तिने आवाज उजळतो, असे ते म्हणत. तोकुजी तंत्रशाळेत वीज शिकवायचे.

"दादा, खांबापासून भिंतीपर्यंत साधीच तार आहे. शेवटच्या हातभर तारेनं काय दिवे लागणार?"

"तुला कान नाहीत," हे म्हणाले.

दुकानाच्या वर्धापनदिनी तोकुजींनी भर गिऱ्हाइकांत आड चादर बांधून तारा बदलल्या. हे ओळखत गेले, निम्म्या वेळा चुकत गेले. शेवटी डोळे मिटून म्हणाले, "ही जाड. वादकाचा श्वाससुद्धा ऐकू येतोय." चादर निघाली. तार संगणकाची होती. लोक पोट धरून हसले. हेही हसले.

त्यानंतर ह्यांनी एकही तबकडी लावली नाही. रेडिओवर बातम्या लावून कप पुसत बसायचे. वर्षाच्या आत गेले.

अंत्यविधीला तोकुजी म्हणाले, "वहिनी, मी खोटं काय केलं?"

"काहीच नाही, भाऊजी. तुमचंच खरं होतं. तुमचे दादा राहिले नाहीत, एवढंच."

मलाही फरक कधी ऐकू आला नाही. "ऐकतेस ना?" असे ह्यांनी विचारले की मी म्हणायचे, "हो, किती मोकळं वाटतंय." पुन्हा विचारले तरी तेच सांगेन.

२. घर, दुकान आणि तबकड्या चिझुरू नोझु हिला. त्या दिवशी ती कॉफी देत होती. हशा पिकताच तिने कॉफी दळायचे यंत्र सुरू केले आणि बराच वेळ रिकामेच फिरवले. दुकानात तिने शेवया विकल्या तरी माझी हरकत नाही. जाड तार ठेवावी किंवा टाकावी; तोकुजींनी मागितली तरी देऊ नये.

३. चटईवाले ओनोए सर्वांत मोठ्याने हसले होते. माझ्या अंत्यविधीला आले तर चहा द्यावा, 'बसा' म्हणू नये.

४. कुरामोतो घराण्याच्या थडग्यात पुढची जागा तोकुजींची आहे. यजमानांच्या अस्थी तिथून काढून माझ्या अस्थींसह दाइसेनच्या पायथ्याच्या मंदिरात ठेवाव्यात. पूर्वज रागावले तर रागावोत. तोकुजी जन्मभर बरोबरच होते. आता एकटे असोत.

सही व शिक्का: हिसाए कुरामोतो
साक्षीदार: फुमिओ इताकुरा, औषध दुकानदार, सुमिए हिरागा, शेजारीण
योनागो, १४ नोव्हेंबर २०१९