ऑर्विलचे बूट

३ ऑक्टोबर

आलो एकदाचे टॅनर्स गॅपला! सामानवाल्यांनी सोफा दारात अडकवला, मग एकमेकांच्या अकलेचा उद्धार केला आणि शेवटी तो खिडकीतून आत घेतला. ते बघून समोरच्या व्हरांड्यातल्या म्हातारीने चक्क टाळ्या वाजवल्या. व्हेस्टा किंबॉल तिचं नाव. संध्याकाळी सफरचंदाचा केक घेऊन आली आणि म्हणाली, या रस्त्यावर वर्षभर काही घडत नाही, त्यामुळे तुझ्या सोफ्याचं महिनाभर नाव निघेल.

घर लहान आहे, पिवळं, पुढे व्हरांडा आणि दारात मेपलचं झाड. सोमवारपासून शाळेच्या स्वयंपाकघरात माझं काम सुरू. जूनीलाही त्याच शाळेत घातलंय, दुसरीत. तिचा बाप आम्हाला सोडून गेल्यापासून पोर मुकी झाल्यासारखी झाली आहे. जुन्या गावात एकही मैत्रीण उरली नव्हती. इथे तिला एक जरी मिळाली तरी माझं सगळं पावलं.

९ ऑक्टोबर

हॅलोवीनचं वेड कशाला म्हणतात ते या गावात येऊन बघावं. प्रत्येक व्हरांड्यात खुर्ची आणि खुर्चीवर जुने कपडे घालून बसवलेला पाल्याचा माणूस. दुकानातली सजावट आम्हाला परवडणारी नाही, पण शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे खजिना आहे. दुधाचे रिकामे कॅन, अंड्यांचे पुठ्ठे, टोमॅटोचे डबे. मुख्य आचारीण म्हणाली, ने बाई, तेवढाच आमच्या कचऱ्याचा भार हलका.

डब्यांचे दिवे केले. डब्यात पाणी भरून आधी त्याचा बर्फ करायचा आणि मग खिळा ठोकायचा, म्हणजे डबा चेपत नाही. भोकांतून मेणबत्तीचा उजेड सुंदर पडतो. अंड्यांच्या पुठ्ठ्यांची वटवाघळं जूनीने काळी रंगवली, जीभ बाहेर काढून, भलतीच मन लावून. जुन्या मच्छरदाणीचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून बाटल्यांवर वाळत घातले. बाटली काढली की भूत आपल्या पायावर उभं!

मी जूनीला म्हटलं, बघ, हॅलोवीनला या रस्त्यावरची सगळी पोरं आपल्या दारात खाऊ मागायला येतील. तिने विचारलं, कॅरल-ॲनपण? कॅरल-ॲन तिच्या वर्गातली. जूनीला बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत, बाईंना बांधून द्याव्या लागतात, म्हणून तीच तिला तान्ही म्हणून चिडवते. आणि हिला मैत्रीण हवी ती तीच. मी म्हटलं, कॅरल-ॲन सर्वांत आधी येईल.

१४ ऑक्टोबर

आमचाही माणूस झाला! जूनीने त्याचं नाव ठेवलंय ऑर्विल. कपडे तिच्या बापाचे, तो मागे टाकून गेलेले, चौकड्यांचा शर्ट आणि डांगरी. त्यांचा एवढा चांगला उपयोग लग्न टिकलं असतं तरी झाला नसता. आत मेपलचा पाला ठासून भरला, उशीच्या अभ्र्याचं डोकं केलं, डोळ्यांना कोटाची बटणं लावली आणि हातांना माझे बागेतले हातमोजे.

एक गंमत लक्षात आली. इथल्या एकाही पाल्याच्या माणसाला पाय नाहीत. पँटचं तोंड सुतळीने आवळलेलं, बस. मी व्हेस्टाला त्यावरून छेडलं, तर ती बहिणीकडे जायच्या गडबडीत होती, बॅग भरता भरता हसून म्हणाली, बसलेल्या माणसाला बूट कशाला गं लागतात? मी मनात म्हटलं, इथले लोक माझ्यापेक्षाही चिक्कू दिसतायत.

जूनीला मात्र ते पटलं नाही. त्याच्या पायांना थंडी वाजेल म्हणाली. नशिबाने आज चर्चमध्ये जुन्या सामानाची विक्री होती आणि फुकटच्या खोक्यात तळाशी कामगारी बूट सापडले. जाड तळ, लांब नाड्या. कुणाचे होते ते तिथल्या कुणालाच आठवेना.

१६ ऑक्टोबर

आज मी रडले, आणि आनंदाने रडले. जूनीला नाड्या बांधता आल्या! दुपारभर व्हरांड्यात ऑर्विलच्या पायाशी बसली होती. सशाचे दोन कान करायचे, एक कान बिळात घालायचा, ओढायचं. दहादा सुटलं, पोरीने हार मानली नाही. शेवटी दोन्ही बुटांवर दोन वाकड्या सुरगाठी बसल्या. ती म्हणाली, ऑर्विल चिडवत नाही म्हणून जमलं.

आता आख्ख्या रस्त्यावर पाय असलेला माणूस फक्त आमच्याकडे.

१९ ऑक्टोबर

लोकांना आमची सजावट खुपते आहे बहुतेक. पोस्टमन आज पायरी चढलाच नाही, टपाल फाटकावर अडकवून गेला. कॅरल-ॲनच्या आईने आमच्या घराजवळ येताच मुलीला हाताला धरून रस्ता ओलांडला. मी हसून हात केला तर तिने ऑर्विलच्या पायांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला राग आला, खरं सांगते. पोरीची पहिली चांगली गोष्ट, तीही यांना बघवत नाही.

ऑर्विलच्या बुटांना चिखल लागलाय. आठवडाभरात पाऊस नाही.

२२ ऑक्टोबर

ऑर्विलची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती. आज कामावरून आले तर ती दाराकडे वळलेली. पोरांची खोडी म्हणून मी ती परत फिरवली. भांडी घासून बाहेर आले तर पुन्हा दाराकडे.

आत दिवाणखान्यात पाल्याचा चुरा पडलाय. पायपुसण्यापासून जिन्यापर्यंत, एका रेषेत. जूनीला विचारलं तर म्हणाली, त्याला आत यायचं होतं, बाहेर गार आहे ना. आता ती शाळेतून आली की त्याच्याशी बोलत बसते. इतकी बोलते! मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

२४ ऑक्टोबर

बूट काढून टाकायचं ठरवलं. गाठी सुटल्या नाहीत. सात वर्षांच्या पोरीच्या वाकड्या गाठी, नखं तुटली तरी सुटेनात. मग बूटच धरून ओढला.

आत पाला आहे. मीच भरलाय, मूठ मूठ. पण मी ओढलं, तेव्हा त्याने पाय मागे घेतला.

२५ ऑक्टोबर

व्हेस्टा आज परत आली. टॅक्सीतून उतरली, आमच्या व्हरांड्याकडे बघितलं आणि तिच्या हातातली बॅग खाली पडली. मला ओढतच आपल्या घरात नेलं. पहिला प्रश्न, नाड्या कुणी बांधल्या? मी सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि देवाचं नाव घेतलं.

मग सगळं सांगितलं. या दिवसांत ज्यांना घर नाही असे गेलेले जीव रस्त्याने फिरतात. त्यांना टेकायला म्हणून हे गाव व्हरांड्यात माणसं बसवतं. येतात, कपड्यांत बसतात, दमले असतात बिचारे, आणि महिना संपला की जातात. पाय देत नाहीत ते आत येऊ नयेत म्हणून. बूट बांधून दिले की जो बांधेल त्याचा तो होतो. त्याच्या मागे जातो, त्याच्याजवळ राहतो. ज्याने बांधले त्यानेच सोडवायचे, दुसऱ्या कुणाच्या हाताने गाठ सुटत नाही. आणि कापायची तर नाहीच, कापलेली गाठ कायमची. सोडवून झालं की सगळं जाळायचं, एक पान मागे ठेवायचं नाही.

मी ओरडले तिच्यावर. आधी का नाही सांगितलं? तीही रडायला लागली. म्हणाली, अगं, विस्तवात हात घालू नये हे कुणी कुणाला सांगतं का? इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तू बाहेरची आहेस हेच माझ्या डोक्यातून गेलं.

२७ ऑक्टोबर

जूनी ऐकत नाही. गाठी सोडणार नाही म्हणते. ऑर्विल गेला तर मला कोण आहे, असं मला विचारलं. माझ्या पोरीने. मला.

आणि म्हणाली, मी त्याला शिकवतेय, त्याला आता बरंच येतं. काय शिकवतेस विचारलं तर व्हरांड्यात पळाली.

मला भीती वाटते आहे. तिला पाठीमागून हाक मारायचीसुद्धा.

२९ ऑक्टोबर

कामावरून आले. तो स्वयंपाकघरात. टेबलाशी, माझ्या खुर्चीवर. समोर जूनी, दूध पीत.

त्याच्या पुढ्यातही कप होता. रिकामा नाही — आत पाला —

जूनीला उचललं आणि व्हेस्टाकडे आले. मागे वळून बघितलं तर तो आमच्या फाटकाशी उभा. भर दुपारी. उभा.

३० ऑक्टोबर

व्हेस्टाने जूनीला समजावलं. मला जमलं नव्हतं ते तिला जमलं. म्हणाली, तुझा ऑर्विल दमलाय गं, त्याला झोपायचंय, बूट घालून कुणी झोपतं का? जूनी हो म्हणाली.

उद्या. अट एकच, आधी त्याचा निरोप घेऊ द्यायचा. एकटीला.

देवा, उद्याचा दिवस एवढा काढ.

३१ ऑक्टोबर

सुटलो!

सकाळी जूनीने त्याचा निरोप घेतला. मी खिडकीतून नजर ठेवून होते. पाठमोरी बसली होती, पाय त्याच्या मांडीवर टाकून, त्याला काहीतरी सांगत. मग तिने खाली बसून गाठी सोडल्या. माझ्या बोटांना दाद न देणाऱ्या गाठी तिने एका ओढीत सोडल्या. ऑर्विल खचला. नुसता पाला आणि माझ्या नवऱ्याचे कपडे. व्हेस्टाने हातगाडीत पानन् पान भरलं, बूट भरले. अंधार पडला की माझ्या परसातल्या पिंपात पेटवते म्हणाली, आणि संपेपर्यंत तुम्ही घरातच थांबा.

आता दिवे लावलेत. डब्यांच्या भोकांतून भिंतीवर चांदण्या पडल्यात. जूनी वटवाघूळ झालीय, मोडक्या छत्रीचे पंख. आणि पोरं येतायत! रिकामी खुर्ची बघून रस्ताभर बातमी गेली असणार. फाटकाशी सर्वांत पुढे कॅरल-ॲन, आईसकट. जूनीने खिडकीतून बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी हसली. मी तिला म्हटलं, ये, तुझ्या बुटावरचा चुरा झटकते आणि मग दार उघडू

*

नाड्या दुहेरी बांधल्यात. घट्ट. जूनी एकेरी बांधते.

कुणी बांधल्या विचारलं. ती म्हणाली, त्याने. सकाळी. मी त्याला शिकवलं ना, मग आज त्याची पाळी होती.

सुटत नाहीत. बूट निघत नाही. कात्री घेतली, खाली ठेवली. कापायची नाही. ज्याने बांधले त्यानेच —

व्हेस्टाच्या परसातून धूर येतोय.

व्हेस्टा, हे पान कॅरल-ॲनच्या हाती पाठवते. आग विझव. पाणी ओत. हातमोजे बाहेर काढ, बूट काढ, मी त्याला पुन्हा भरेन, माझ्याकडे पाला आहे, झाडाखाली खूप आहे, मी पुन्हा —

जूनी उठली. म्हणते, आई, मी नाही चालत, बूट चालतायत.

एका हाताने धरलंय तिला. खेचते आहे. एवढीशी पोर, टेबलासकट मला — दाराकडे — धुराकडे —

ओरडते आहे. दोघीही ओरडतोय. फाटकाशी सगळे टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटतंय ही आमची सजा