मिक्सरला हात लावू नकोस

चिमणे,

ओट्यावर मिक्सर उघडून ठेवलाय, त्याला हात लावू नकोस. एक स्क्रू सापडत नाहीये, तसाच दुसरा आणायला बाजारात चाललोय. आई चिडली तर तूच समजाव.

पीएचडी आणि पार्टटाइम नोकरी सांभाळून तू रविवारी त्या दुरुस्ती केंद्रात फुकट राबतेस, ते बघायला काल बंद पडलेला रेडिओ घेऊन आलो. बापालाही रांगेत बसवलंस. नंबर आल्यावर स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात दिलास, कारण ज्याची वस्तू त्यानेच उघडायची, हा तुमचा नियम. आजारपणापासून आई मला भरलेला कपही उचलू देत नाही. माझा हात थरथरत होता, तरी तू मध्ये पडली नाहीस.

रेडिओ वाजला तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलगी का तुमची?"

मी म्हटलं, "छे, आमच्या मास्तरीणबाई."

बाबा