गुळाच्या गोदामातला पहिला अल्बम

२२ ऑक्टोबर १९९८

आजपासून रोजनिशी. कारण, अल्बम. उद्या कुणी विचारलं की हे सगळं तुम्हाला सुचलं कसं, तर नुसत्या आठवणीवर भागणार नाही.

बँडचं नाव पक्कं: षट्कोन. प्रसेनजीतने विचारलं, आपण तिघंच, मग षट्कोन कसा? सांगितलं, उरलेले तीन कोन श्रोत्यांच्या मनात. तो उठून चहा सांगायला गेला. पटलं असावं.

मी: कीबोर्ड, गायन, शब्द, संकल्पना. प्रसेनजीत: गिटार. टेलिफोन ऑफिसात नोकरीला आहे, चार ट्रॅकचा रेकॉर्डर त्याच्या पगारातला. बाळासो: ड्रम. शिवाजी पेठेतल्या चुलत्याच्या बँड पार्टीतून आलेला, त्यामुळे हात अजून वरातीचा आहे. सुधारेन.

अल्बम: 'शून्याचा कणा'. प्रोग्रेसिव्ह रॉक, मराठीतून. विषय एकच, माणूस माणसाचं ऐकत नाही. बाजू अ वर चार गाणी. बाजू ब वर एकच, 'असंवाद', सबंध बाजूभर.

किरकोळ: काल दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यात वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, आवाज फाटला. मार्केट यार्डात गुळाच्या भावाचा पुकारा गेली कित्येक वर्षं अप्पाच करतात, पार रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाडीपर्यंत ऐकू जातो. काल मध्येच थांबून पाणी मागितलं. धूळ असणार.

३ नोव्हेंबर

तालीम आमच्या अडतीच्या गोदामात. मोठा शोध लागला. बारदानात बांधलेले गुळाचे रवे, या मोठाल्या ढेपा, छतापर्यंत रचल्या की आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. मुंबईचे स्टुडिओ यासाठी लाखो रुपये घालतात. अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "रव्यांवर बसू नगा म्हंजे झालं."

कलेबद्दल अप्पांशी बोलण्यात अर्थ नाही. 'असंवाद'मध्ये हे वापरता येईल.

अडचण: कीबोर्डात मुंग्या. मधला सा दाबला की बाहेर येतात.

बाळासोची तक्रार, गिटारचा सोलो संपल्यावर मी गायला उशिरा सुरुवात करतो. ते मुद्दाम आहे हे त्याला समजावलं. तो म्हणाला, "मुद्दाम असंल तर रोज येगळ्या जागी का येतोस?" वरातीत वाजवणाऱ्याला काळाची संकल्पना कळणं अवघड आहे.

१९ नोव्हेंबर

पहिल्या गाण्याचा टेक जमला होता. अगदी हळू, नाजूक जागा आली आणि भिंतीपलीकडच्या सौद्यातून अप्पांचा पुकारा थेट माइकमध्ये शिरला. आवाज घोगरा, पण दम तोच. टेक फुकट.

प्रसेनजीतने हेडफोन काढला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे की हे. एवढ्या टेपात एवढंच जितं हाय."

त्याला संकल्पना परत सांगितली. आपला विषय, कुणी कुणाचं ऐकत नाही. इथे तर अख्खा यार्ड अप्पांचं ऐकतोय. मग बसेल कसं? मी स्वतः पुसून टाकलं. यापुढे सौद्याच्या वेळेला रेकॉर्डिंग नाही.

५ डिसेंबर

अप्पांचा घसा बसला तो उठायला तयार नाही. आईने, आमच्या अव्वाने, हळद, ज्येष्ठमध, सगळं करून पाहिलं. आज मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मी गाडी घेऊन जाणार होतो, पण तिसरं गाणं ऐन भरात आहे. अव्वाच त्यांना एस.टी.ने घेऊन गेली. तिला एस.टी. आवडते.

निश्चय: पुढच्या खेपेला नक्की मी.

९ डिसेंबर

गाठ आहे. वाईट जातीची. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज जाईल.

दुपारी दुकानात बसवेना. गोदामात जाऊन रव्यांच्या आड उभा राहिलो. भीती वाटली. लिहून ठेवतो म्हणजे कमी होईल.

सायंकाळी जरा सुचू लागलं. डॉक्टर नेहमी आधी सगळ्यात वाईट तेच सांगतात. ऑपरेशन जानेवारीच्या शेवटी. म्हणजे भरपूर वेळ आहे. तोवर अल्बम पूर्ण करून अप्पांना अर्पण करायचा. वडिलांना याहून मोठं काय देणार?

अव्वाला तेवढं सांगितलं, हे सगळं अप्पांसाठीच चाललंय. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१४ डिसेंबर

अव्वाने आज एक काम सांगितलं. म्हणाली, "एवढी यंत्रं हायत तुमच्याकडं. त्यांचा आवाज एका कॅसेटीत भरून ठेव. सकाळी पूजेला म्हणतात त्ये वचन, आनि सौद्याचा पुकारा. बास. मला दुसरं काय नको."

मी लगेच हो म्हटलं. फक्त असं घाईत, कसंतरी नको. चांगला माइक, योग्य अंतर, योग्य दिवस. बाजू अ संपली की पहिलं हेच. ती म्हणाली, कवा? मी म्हटलं, व्यवस्थित करू.

प्रसेनजीतला कुठून तरी कळलं. रविवारी सकाळी रेकॉर्डर घेऊन घरी येतो म्हणाला. "माझा बाप गेला, तवा फोटो तेवढा ऱ्हायला. फोटो बोलत न्हाय, श्रीशैल."

पण रविवारी माझ्या गायनाचा टेक ठरलेला. एकदा शिस्त मोडली की अल्बम होत नाहीत. पुढच्या रविवारी बघू म्हणालो. तो बराच वेळ नुसताच गिटार सुरात लावत बसला. चांगली लागलेली होती तरी.

२७ डिसेंबर

'असंवाद'चं गायन. माझाच घसा दुखतोय. घरात सगळ्यांचं लक्ष अप्पांच्या घशाकडे. काढा स्वतःच करून घेतला.

टेक चालू असताना अप्पा गोदामाच्या दारात आले आणि काहीतरी बोलू लागले. त्यांना शांतपणे थांबवलं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. रेकॉर्डिंगची शिस्त त्यांना आता कळू लागली आहे. बरं वाटलं.

बाळासो म्हणतो, मी आजही उशिरा आलो. सोडून दिलं.

३ जानेवारी १९९९

आजचा रविवार अप्पांसाठी राखून ठेवला होता, पण शेवटच्या ओळी सुचल्या. 'तुझ्या ओठांवरचे शब्द माझ्या कानांत मेले.' अशा ओळी सांगून येत नाहीत. अप्पा काय, घरातच आहेत.

अव्वाने सकाळी पूजेची जागा झाडून, माइकला अडचण नको म्हणून पंखा बंद ठेवला होता. मला माहीत नव्हतं.

९ जानेवारी

मिरजेहून निरोप. गाठ वाढतेय, ऑपरेशन अलीकडे घेतलंय. परवा भरती व्हायचं.

घाबरायचं कारण नाही. उद्याची सकाळ आहे. प्रसेनजीतकडून रेकॉर्डर आणलाय, माइक तपासलाय, नवी कॅसेट फोडलीय. वचन घरी, पुकारा यार्डात. एका सकाळीत दोन्ही.

१० जानेवारी

अप्पा पूजेला बसले. भस्म लावलं, इष्टलिंग हातात घेतलं. माइक पुढे ठेवला आणि मी बोट वर केलं.

आवाज आला नाही. नुसते ओठ हलत होते. अव्वा म्हणाली, चार दिवस झाले, असंच चाललंय, तुझ्या ध्यानात आलं न्हाय व्हय?

मला वाटलं होतं अप्पा रागावलेत म्हणून बोलत नाहीत.

तरी शेवटपर्यंत टेप चालू ठेवली. परत ऐकली. भस्माच्या डबीचं झाकण, बाहेर एक कोंबडा, आणि माझा आवाज: "अप्पा, जरा मोठ्यानं."

१३ जानेवारी

ऑपरेशन झालं. अप्पा आहेत. गळ्यात नळी.

त्यांच्यासाठी पाटी आणली, शाळेतल्या पोरांची असते तशी. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, "सौदा कोन पुकारतंय?" मी सांगितलं, आपले दिवाणजी आकाराम. अप्पांनी डोळे मिटले.

बाहेर येऊन रडलो. मग लक्षात आलं, नोव्हेंबर-डिसेंबरच्या तालमींच्या टेपा आहेत की. कुठे ना कुठे अप्पा शिरले असणारच. तेव्हा चिडलो होतो, आता कामाला येईल. अव्वाला आत्ताच सांगत नाही. आधी अल्बम, मग सवडीने शोधू.

२० फेब्रुवारी

मोठं तांत्रिक संकट. भाव चढला म्हणून आकारामने गोदामातला सगळा गूळ एकदम काढला. आता मोकळ्या गोदामात आवाज घुमतो. बाजू अ पोत्यात तोंड घालून गायल्यासारखी आणि बाजू ब विहिरीत उतरून. एकाच अल्बममध्ये हे चालणार नाही.

बाळासो म्हणाला, आता एवढा गूळ पुन्हा साठायला दिवाळी. मी म्हटलं, षट्कोन गुळावर अवलंबून नाही. सगळं पुन्हा मोकळ्या गोदामात रेकॉर्ड करायचं. घुमणंसुद्धा संकल्पनेत बसतं.

कोऱ्या टेपा संपल्यात. जुन्या तालमींच्या वापरल्या. प्रसेनजीत म्हणाला, आधी एकदा ऐकून घे, त्यात तुझे अप्पा असतील. मी म्हटलं, सगळ्या थोड्याच वापरतोय, एखादी राहीलच. गुढीपाडव्याला प्रकाशन जाहीर केलंय, वेळ कुठे आहे?

१८ मार्च

गुढीपाडवा. प्रकाशन.

मोकळ्या गोदामात सतरंज्या टाकल्या. यार्डातले अडते, हमाल, बाळासोच्या बँड पार्टीतली मंडळी, दोन-तीन कॉलेजची मुलं. अप्पा खुर्चीत, गळ्याभोवती उपरणं, मांडीवर पाटी. अव्वा त्यांच्या शेजारी, इरकल नेसून, पूजेला बसते तशी ताठ.

मी थोडक्यात भूमिका मांडली. भूमिकेतच एक अडत्या उठून गेला. मग बाजू अ. मग बाजू ब, 'असंवाद'. निम्म्याहून जास्त झाल्यावर अप्पांनी मला खुणेने बोलावलं. मला भरून आलं. त्यांनी पाटी दाखवली.

"गाणं कवा सुरू हुणार?"

बाळासो हसत सुटला, हमाल हसले, शेवटी अप्पासुद्धा हसले. आवाज नाही, नुसते खांदे. प्रसेनजीत हसला नाही.

टेप संपली. सगळे पन्ह्याकडे वळले. अव्वा जागची हलली नाही. मी विचारलं, कसं वाटलं? तिने विचारलं, "ह्यात त्यांचा आवाज कुठं हाय?"

मी म्हटलं, अव्वा, हा अल्बम त्यांना अर्पण केलाय.

ती म्हणाली, "तू म्हनालतास की, सगळं त्यांच्यासाठी चाललंय. मला वाटलं, त्यांचंच भरतोयस. मी मघापासनं वाट बघाय लागलेय. आता येईल, मग येईल."

नंतर प्रसेनजीतने रेकॉर्डर पिशवीत भरला. सांगलीला बदली झालीय त्याची. भांडण नाही, राग नाही म्हणाला. राहिलेल्या टेपा माझ्या हातात दिल्या. "ह्या तरी आता कोऱ्या समजू नको."

२१ मार्च

सगळ्या टेपा ऐकतोय. घरच्या टेपरेकॉर्डरला कान लावून, पुढे, मागे, दोन्ही बाजू.

मी फार नीट काम केलंय. जिथे जिथे अप्पा शिरले होते, तिथे तिथे पुसलंय. अजून तरी काहीच शिल्लक सापडलेलं नाही. एका ठिकाणी पुकाऱ्याची सुरुवात आली असं वाटून अंगावर काटा आला, तर तो माझाच आलाप.

अशी चोख साफसफाई मुंबईतसुद्धा झाली नसती. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

२५ मार्च

सापडलं.

२७ डिसेंबरच्या टेपच्या अगदी शेवटी. गायनाचा वाया गेलेला टेक. मी गातोय, दार वाजतं, आणि अप्पा. स्पष्ट. घोगरे, पण अप्पाच.

"श्रीशैला, आरं..."

आणि लगेच माझा आवाज. "अप्पा, गप्प बसा की जरा. टेक चालू हाय."

मग काही नाही. ते उभे आहेत तेवढा वेळ नुसती शांतता. मग त्यांच्या वहाणा करकरत लांब जातात. मी शांतपणे थांबवलं असं लिहिलंय वर. शांतपणे नव्हतं.

अप्पांना विचारलं, त्या दिवशी काय सांगायला आला होता? त्यांनी पाटी घेतली, बराच वेळ विचार केला, लिहिलं, "ध्यानात न्हाय." आणि पुसून टाकलं.

२ एप्रिल

अव्वा रोज सकाळी पूजेनंतर तेवढं ऐकते. अप्पाही शेजारी बसतात. पहिल्या दिवशी ती सगळं ऐकून म्हणाली, "नावापुरतं लाव. म्होरचं नको."

म्हणून 'आरं'नंतर माझा आवाज यायच्या आत स्टॉपचं बटण दाबायचं, एवढं माझं काम. मधे जागा अगदी थोडी आहे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मला बरोबर जमतं. माझं टायमिंग पहिल्यापासून चांगलंच होतं, बाळासोला काय कळतंय.

आज एकदा बटण दाबायला उशीर झाला. 'गप्प बसा'पर्यंत वाजलं.